अळ्या : नाहीत

शुक्रवारी सकाळी मी लोकांच्या पाण्यात टॉर्च मारत हिंडते.
रांजण, टायर, देव्हाऱ्यातले फुलांचे पेले,
फ्रीजच्या मागचं ते तबक, जे घरात कुणालाच माहीत नसतं.
हातात कागद, कागदावर दोन रकाने :
अळ्या आहेत. अळ्या नाहीत.
पिशवीत औषधाची वाळू, एक चमचा,
आणि आरोग्य केंद्रानं शिकवलेलं हसू.

रात्चबुरीत रांजणांना तोटा नाही.
इथल्या मातीला दुसरं काही व्हायचं ठाऊकच नाही.
प्रत्येकाच्या पोटाभोवती एक पिवळा ड्रॅगन,
आणि आमच्या गल्लीतले निम्मेअधिक ड्रॅगन
प्रयोंगकाकाच्या अंगठ्यातून निघालेले.

त्याच्या शेवटच्या भट्टीत एक रांजण तडकला.
मालक म्हणाला, फोड.
हा हातगाडीवर घालून घरी घेऊन आला,
चीर सिमेंटनं लिंपली, नेमकी ड्रॅगनच्या मानेवरून.
तळाला भातखाचराची चिकणमाती,
मातीत कमळाचा कंद, कोंब वर.
नळाचं पाणी दोन दिवस बादल्यांत उघडं ठेवलं,
मग ताटलीवर धार धरून ओतलं, हळू,
कंद हलू नये म्हणून.
आठवड्यानं गढूळ खाली बसलं.
मग सात गप्पी.

"औषध घालू?"
"एक अळी दाखव, मग घाल."

टॉर्च मारला.
एक अळी श्वास घ्यायला वर येत होती, वेडीवाकडी,
देठामागून एक शेपटी वळली,
आणि अळी तिथे नव्हती.
पाण्याला काही कळलंसुद्धा नाही.

तो म्हणाला, "पंचेचाळीस वर्षं रांजण बाहेरून बघितला.
आत काय असतं, विचारायची वेळच आली नाही."
मग बऱ्याच वेळानं,
"काही नसतं, खरं तर. अंधार. आणि हे."

एप्रिलात सावलीलाही चटका बसतो.
तेव्हा तो रांजणाला चौकडीचा ओला पंचा गुंडाळतो,
ड्रॅगनच्या गळ्यापर्यंत,
दुपारी सोडतो, पिळतो, पुन्हा भिजवतो.
तापलेल्या पोराचं करावं तसं.

सोंक्रानला गल्लीतलं पाणी संपलं.
पिकअपमधले ड्रम कोरडे, नळ गुरगुरून गप्प,
आणि कोपऱ्यावरच्या खिमला, वय सहा, हा रांजण सापडला.
तिनं भांडं बुडवलं आणि माझ्यावर भिरकावलं.
मी किंचाळले, हसले, हसायचाच दिवस तो.
मग डांबरावर काहीतरी उडालं.
अख्खी गल्ली गुडघ्यांवर आली.
गालाला पांढरी भुकटी फासलेले, झिंगलेले बाप्ये
चिमटीत न मावणारं काहीतरी
चिमटीत धरू बघत होते.
चार सापडले.
काका रागावला नाही. मोजत उभा राहिला.

घर चार दारांवर. शर्ट बदलायला गेले,
तर खिशात, ओल्या कागदाच्या लगद्यात,
एक जीव थरथरत होता.
पोट फुगलेलं, मागे काळा ठिपका.
पोटुशी.

आता सांगून टाकते.
माझ्याच मोरीतल्या रांजणात अळ्या होत्या.
तीन आठवडे. मला माहीत होत्या.
कागदावर मी 'नाहीत' लिहीत होते.
दिवसभर दुसऱ्यांच्या पाण्यावर वाकून
आपल्या पाण्याशी वाकायला कंबर उरत नाही,
हे कारण रकान्यात बसत नव्हतं.

तिला आत सोडली. उकिडवी बसले.
ती आधी तळाशी गेली, बराच वेळ दिसली नाही.
बाहेर पोरं पुन्हा ओरडायला लागली होती,
बहुतेक कुणाच्या तरी घरात पाणी सापडलं असावं.
मग ती वर आली.
मी शर्ट न घालताच बघत राहिले.

शुक्रवारी काका म्हणाला, "ती पोटुशी दिसत नाही."
"माहीत आहे."
"कुठे आहे?"
"कामावर."

त्यानं माझ्या कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
"तळाला थोडी माती घाल," म्हणाला.
"आणि कमळ नाही आलं तरी चालेल,
पण पाण्यात काहीतरी उभं असू दे.
तिला वळायला."